काळ्या गाडीवर ग्लेझ, सीलंट आणि वॅक्स: कोणता थर कशावर बसतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. गाडी काळी, ५ वर्षांची. डोंबिवलीत रेल्वे रुळांच्या बाजूला उघड्यावर उभी असते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात. तुम्ही ग्लेझ, सीलंट आणि कार्नौबा वॅक्स असं तिन्ही मागवलं आहे. तीन आठवड्यांनी गणपतीला सावंतवाडीला जायचंय, आणि त्याआधी प्रत्येकाचे दोन-तीन थर देऊन गाडी आरशासारखी करायची आहे. कोणतं आधी, कोणतं नंतर, मध्ये किती थांबायचं, हे तुम्ही विचारलंत. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की डावं पुढचं दार दोन महिन्यांपूर्वी रंगवून घेतलंय. माझ्या दृष्टीने ही ओळ फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे सावकाश येते.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गेली १७ वर्षं गाड्यांच्या रंगाचंच काम करते. सुरुवात वडिलांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी, घासण्यापासून झाली. पुढे रंग मारण्यापेक्षा असलेला रंग टिकवण्यात जास्त मन रमलं. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते बाटलीवरच्या सूचनांपेक्षा हाताखालून गेलेल्या पत्र्यांवरून लिहिते आहे. तुमच्या बाटलीमागे काही वेगळं छापलेलं असेल तर आधी ते वाचा, कारण 'ग्लेझ' या एकाच नावाखाली फार वेगवेगळी रसायनं विकली जातात.

क्रम पाठ करून फारसा उपयोग होत नाही. बाटली बदलली की क्रमही बदलू शकतो. कोणता थर कशाला धरून राहतो हे एकदा समजलं की तुमचं तुम्हालाच ठरवता येईल, म्हणून आधी तेच सांगते.

गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात आधी गंजरोधक थर बसतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आमच्याकडचे जुने पेंटर त्याला अजून 'लॅकर' म्हणतात. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, आणि त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. तुम्हाला दिसणारी जाळी या क्लिअर कोटच्या वरच्या एक-दोन मायक्रॉनमधल्या बारीक चऱ्यांची आहे. त्या चऱ्यांच्या कडांवर उजेड आपटून विखुरतो. पांढऱ्या गाडीवर तो खालच्या रंगात हरवतो, काळ्या गाडीवर मात्र खालून काहीच उजेड परत येत नाही, त्यामुळे प्रत्येक चरा वेगळा उठून दिसतो. काळी गाडी जास्त खराब होते असं नाही, ती काही लपवत नाही इतकंच.

आता तुमच्या तीन वस्तू.

ग्लेझमध्ये मुख्यतः तेलं असतात, आणि बऱ्याचदा चिनी मातीसारखी अतिशय बारीक भुकटी. ती चऱ्यांत जाऊन बसते आणि कडा बुजवते. पावसात काळा कातळ भिजला की कसा गर्द दिसतो, आणि वाळला की पुन्हा राखाडी? ग्लेझ नेमकं तेच करतं. खडबडीत पृष्ठभागातल्या फटी तेलाने भरतात, उजेड विखुरायचा थांबतो आणि रंग खोल वाटतो. पण ते रंगाला चिकटत नाही, त्यावर पसरून राहतं. शाम्पूच्या दोन-चार धुण्यांत निघून जातं. ऊन, पाऊस किंवा पक्ष्यांची घाण यांपासून ते काहीही संरक्षण देत नाही.

सीलंट हे कृत्रिम पॉलिमर. बहुतेक वेळा त्यात रंगाला धरून राहणारी सिलिकॉन संयुगं असतात. ती पृष्ठभागाला पकडतात आणि वाळताना आपापसांत गुंतून एक अखंड पापुद्रा बनवतात. या गुंतण्याला वेळ लागतो, आणि पकडायला स्वच्छ, तेलविरहित पृष्ठभाग लागतो. नीट बसलं तर उघड्यावरच्या गाडीवर काही महिने टिकतं. दिसायला ते काचेसारखं, थोडं कोरडं चमकतं.

कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. कडक उन्हाळ्यात पानांतलं पाणी उडू नये म्हणून ते झाड स्वतःवर हा लेप चढवतं. पानं कापून, वाळवून, झोडून ते काढतात. औषधाच्या गोळ्यांवरची आणि चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकीही पुष्कळदा याचीच असते. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, हे ८२ ते ८६ अंशांना. शुद्ध कार्नौबा विटेसारखं टणक असतं, बोटाने लावताच येणार नाही. म्हणून प्रत्येक डब्यात त्याच्याबरोबर तेलं, इतर मेणं आणि ते विरघळवणारी द्रावकं असतात. 'शंभर टक्के कार्नौबा' असं डब्यावर लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ फार तर 'यातलं मेण फक्त कार्नौबा आहे' इतकाच घ्या. वॅक्स मऊ, ओलसर, खोल चमक देतं. काळ्या रंगावर मला तीच सगळ्यात आवडते. पण उघड्यावरच्या गाडीवर, आपल्या उन्हात आणि पावसात, ते चार-सहा आठवड्यांपलीकडे टिकलेलं मी क्वचितच पाहिलंय.

एवढं समोर ठेवलं की निम्मा प्रश्न सुटतो. सीलंटला पकडायला स्वच्छ रंग हवा, म्हणून ते सगळ्यांत खाली. वॅक्स कशावरही बसतं, म्हणून ते सगळ्यांत वर. उलट केलं, म्हणजे वॅक्सवर सीलंट लावलं, तर सीलंट मेणाला धरतं, रंगाला नाही. मेण उन्हाने निघालं की सीलंटही त्याच्याबरोबर जातं. तुमचे पैसे आणि एक अख्खा रविवार वाया.

अडचण आहे ती ग्लेझची. पुष्कळ ठिकाणी 'पॉलिश, ग्लेझ, सीलंट, वॅक्स' असा क्रम सांगितलेला आढळेल, आणि तुम्हीही तोच धरून चाललेला दिसता. दिसण्यापुरता विचार केला तर तो बरोबर वाटतो: आधी चरे बुजवा, मग वरून झाका. पण ग्लेझचं तेल सीलंटच्या आणि रंगाच्या मध्ये येतं. तेल लागलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारल्यासारखं होतं ते. लावल्या दिवशी झकास दिसतं.

मी हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मला स्वतःलाच याचा निकाल हवा होता, म्हणून मी माझ्या जुन्या काळ्या गाडीचं बॉनेट टेप लावून चार भागांत वाटलं. पहिल्यावर नुसतं सीलंट. दुसऱ्यावर सीलंट, एक रात्र सोडून वर वॅक्स. तिसऱ्यावर ग्लेझ, मग सीलंट. चौथ्यावर ग्लेझ, मग वॅक्स. गाडी जूनपासून दिवाळीपर्यंत गॅरेजसमोर उघड्यावर ठेवली आणि दर रविवारी एकाच शाम्पूने धुतली. पहिल्या दिवशी तिसरा आणि चौथा भाग सगळ्यांत सुंदर होते, बघणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याकडेच बोट दाखवलं. जुलै संपायच्या आत तिसऱ्या भागावर पाण्याचे थेंब बनायचे थांबले, तेही सलग नाही, ठिपक्याठिपक्यांनी, जिथे ग्लेझ जास्त राहिलं होतं तिथे आधी. चौथा भागही त्याच सुमारास संपला. पहिला आणि दुसरा दसऱ्यापर्यंत पाणी झटकत होते. दुसऱ्यावरचं वॅक्स मधल्या काळात गेलं असणार, पण खालचं सीलंट जागेवर होतं. एका बॉनेटवरचा, एका पावसाळ्याचा हा अनुभव आहे, प्रयोगशाळेतला नाही. पण त्यानंतर गिऱ्हाइकाच्या गाडीवर सीलंटखाली मी कधी ग्लेझ लावलं नाही.

याला अपवाद आहेत. काही उत्पादक एकमेकांवर बसतील असंच ग्लेझ आणि सीलंट बनवतात आणि बाटलीवर तसं स्पष्ट लिहितात. दोन्ही एकाच उत्पादकाची असतील आणि तसं लिहिलेलं असेल तर त्यांचा क्रम पाळा. तुम्ही मात्र तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन वस्तू घेतल्यात असं दिसतंय.

तिन्ही वापरायचीच असतील तर माझा क्रम असा: आधी सीलंट, ते पूर्ण वाळू द्यायचं, मग ग्लेझ, त्यावर वॅक्स. ग्लेझचं तेल वाळलेल्या सीलंटला इजा करत नाही, आणि वरचं वॅक्स त्याला थोडे दिवस धरून ठेवतं. अट एकच, त्या ग्लेझमध्ये घासणारी पावडर किंवा क्लीनर नसावा. 'क्लीन्सिंग', 'पॉलिशिंग' असे शब्द लेबलवर असतील तर ते खालचं सीलंट उतरवून टाकेल. लग्नाच्या गाड्यांसाठी मी हा क्रम वापरते, कारण तिथे दोन दिवसांचं दिसणं महत्त्वाचं असतं. पावसातून ५०० किलोमीटर जायचं असताना मात्र ग्लेझ वगळा.

दोन-तीन थरांबद्दल. तुमचा हिशोब असा दिसतो की एक थर अमुक इतका चमकतो, तर तीन थर तिप्पट. तसं होत नाही. नीट पुसून घेतल्यावर उरणारा थर एका मायक्रॉनहूनही कमी असतो. जास्तीचं सगळं तुम्हीच कापडाने काढून टाकता. वॅक्सवर वॅक्स लावलं की नव्या वॅक्समधली द्रावकं जुन्या थराला थोडं विरघळवतात आणि दोन्ही मिळून जवळपास एकच थर उरतो. मग दुसरा थर का देतात? पहिल्या हातात राहून गेलेल्या जागांसाठी. दाराच्या कडा, हँडलच्या आजूबाजूला, नंबरप्लेटच्या वरची पट्टी, छताचा मधला भाग जिथे हात पोचत नाही, या जागा हमखास सुटतात. म्हणून सीलंटचे दोन हात, मध्ये एक दिवस सोडून, हे मी करते. वॅक्सचा एक पुरतो, हौस असेल तर दुसरा. तिसऱ्यापासून पुढे मला कधीही फरक दिसलेला नाही.

थर पातळ असणं मात्र फार गरजेचं. घावन घालताना कांद्याने तव्यावर तेल फिरवतो ना, तितकंच. जाड लावलं की आतलं वाळत नाही, पुसताना ओघळ पडतात आणि काळ्या रंगावर ते उन्हात निळसर-राखाडी ढगांसारखे दिसतात. लोक त्यावर अजून एक थर देतात आणि मग माझ्याकडे येतात.

आता जी गोष्ट ऐकायला तुम्हाला आवडणार नाही ती. तुम्हाला हवी असलेली आरशासारखी चमक या तिन्हींपैकी कशातही नाही. ती आहे खालच्या क्लिअर कोटमध्ये. जाळी तशीच ठेवून वर काहीही चढवलं तरी उन्हात जाळी दिसणारच. ग्लेझने ती थोडे दिवस झाकते, इतकंच. म्हणून तुमच्या तीन आठवड्यांतला बहुतेक वेळ मी थरांआधीच्या कामाला देईन.

पहिलं धुणं. आधी नुसत्या पाण्याच्या जोराने धूळ काढायची, हात न लावता. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच परत शाम्पूत. या एका वेळेला जुनं वॅक्स काढण्यासाठी भांड्यांचा द्रव साबण वापरलात तरी चालेल, एरवी नको.

मग लोखंड. तुमची गाडी रुळांच्या बाजूला असते म्हणून हे मुद्दाम लिहिते. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घासण्यातून लोखंडाचे अतिबारीक कण उडतात, गरम असतानाच रंगावर बसतात आणि तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपके म्हणून दिसतात. काळीवर दिसत नाहीत, पण हाताला लागतात. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवरून अलगद फिरवा, वाळूच्या कागदासारखं खरखर लागलं तर ते आहेत. यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारल्यावर लोखंडाशी मिळून तो जांभळा होतो, तीन-चार मिनिटांत ओघळ येतात. वास उग्र असतो, केस कुरळे करायच्या लोशनसारखा, कारण रसायनही त्याच कुळातलं आहे. हातमोजे घाला, सावलीत करा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. रुळांजवळच्या गाडीवर हे दोनदा करावं लागू शकतं.

त्यानंतरही खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, जोर न लावता. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा, त्याला चिकटलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो. क्लेने काळ्या रंगावर थोडी धूसर घासण येतेच, म्हणून पॉलिश त्याच्यानंतर.

पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा वरचा बारीकसा भाग घासून चरे सपाट करणं, म्हणून त्याबद्दल परिस्थिती बघून ठरवावं लागतं. तुमच्या गाडीला आधी कितीदा 'रबिंग', म्हणजे असंच घासणं, झालंय? दर सर्व्हिसिंगला कुणी रबिंग करून देत असेल तर क्लिअर कोट आधीच पातळ झालेला असेल, आणि तो परत येत नाही. अशा वेळी रंगाची जाडी मोजणारं यंत्र असलेल्या माणसाकडून आधी मोजून घ्या. पहिलीच वेळ असेल तर बारीक पॉलिश आणि मऊ फोम पॅड, डोलत फिरणाऱ्या ड्युअल ॲक्शन मशीनवर. जोराने गरगर फिरणारं रोटरी मशीन पहिल्यांदा हातात घेऊ नका, कडांवरचा क्लिअर काही सेकंदांत जातो. मशीन नसेल तर हातानेही थोडा फरक पडतो, पण दंड भरून येतात आणि जाळी पूर्ण जात नाही. सगळी जाळी घालवायचा हट्ट धरू नका. दहांतली सात घालवा आणि क्लिअर शिल्लक ठेवा, गाडी अजून बरीच वर्षं वापरायची आहे.

पॉलिशमध्येही तेल असतं. ते पुसलं नाही तर सीलंटची तीच अडचण. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून पाण्यात साधारण १५ ते २० टक्के मिसळा, फवारा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. घरात पडून असलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते पातळ थर सोडून जातं. हे पुसल्यावर जी जाळी दिसेल ती खरी उरलेली जाळी. त्या क्षणी थोडं खट्टू व्हायला होतं, पण खरं चित्र तेच.

आता ते दार.

कारखान्यात गाडीचा रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. तयार गाडी तशी भाजता येत नाही, आत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक असतं. म्हणून चांगल्या बॉडी शॉपमध्ये ६० अंशांच्या आसपास बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, भाजतात, आणि पुष्कळ लहान गॅरेजांत तेही नसतं, रंग हवेवर वाळतो. वरून हाताला कोरडा लागला तरी आतली द्रावकं हळूहळू आठवडेच्या आठवडे बाहेर पडत असतात. तुमचं दार भर पावसाळ्यात रंगवलंय, हवेत दमटपणा आहे, म्हणजे हे आणखी सावकाश. त्यावर सीलंट किंवा वॅक्स चढवलं तर बाहेर पडायची वाट अडते. रंग मऊ राहतो, चमक मंदावते, काही वेळा बारीक फोड येतात. मी स्वतः बूथमध्ये भाजलेल्या रंगाला किमान ३० दिवस देते, हवेवर वाळलेल्याला ९०.

आणि इथे तुमच्या ग्लेझला त्याची खरी जागा मिळते. मुळात ग्लेझ बॉडी शॉपमध्ये यासाठीच वापरलं जायचं: ताज्या रंगावर गाडी देताना चमक दिसावी आणि रंगाला श्वासही घेता यावा. वडिलांच्या गॅरेजात गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधीचा शेवटचा हात हाच असायचा. तुमच्या बाटलीवर 'ताज्या रंगाला चालेल' असं लिहिलेलं असेल, म्हणजे त्यात मेण आणि सिलिकॉन नसेल, तर डाव्या पुढच्या दाराला फक्त तेच लावा. बाकी गाडीशी दिसायला जुळेल. पावसात जाईल, हरकत नाही, पुन्हा लावा. लिहिलेलं नसेल तर त्या दाराला नुसतं धुणं. सीलंट लावताना बाजूच्या पत्र्यावरून त्यावर येऊ नये म्हणून कडांना मास्किंग टेप लावा. तीच टेप काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनाही लावा, त्यांवर वॅक्सचा पांढरा डाग बसला की निघता निघत नाही.

तुमच्या तीन आठवड्यांचं सगळं मिळून असं. पहिला रविवार: धुणं, लोखंड, क्ले. दुसरा शनिवार: पॉलिश, अल्कोहोलने पुसणं, आणि त्याच संध्याकाळी सीलंटचा पहिला हात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरा हात. वॅक्स निघायच्या दोन-तीन दिवस आधी. नव्या दाराला फक्त ग्लेझ, तेही अगदी आदल्या दिवशी.

सीलंट किती वेळ ठेवायचं? काही एका तासात वाळतात, काहींना १२ ते २४ तास लागतात, बाटलीवर असतं. डोंबिवलीच्या पावसाळी हवेत लिहिलेल्या वेळेच्या दीडपट धरा आणि तोपर्यंत पाणी लागू देऊ नका. म्हणजे उघड्या पार्किंगमध्ये हे काम जमणार नाही. त्या दोन रात्रींसाठी सोसायटीच्या स्टिल्टखाली किंवा कुणा ओळखीच्यांच्या छपराखाली जागा मागून घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगते. पुसायची वेळ झाली का हे बोटाने कळतं: थरावरून बोट ओढा, खाली स्वच्छ काळा रंग दिसला की झालं, फराटा उठला की थांबा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. ऊन लागलेल्या बॉनेटवर यातलं काहीही लावू नका.

मायक्रोफायबरची कापडं सॉफ्टनरशिवाय धुवा, आणि पॉलिशचं कापड वॅक्सला वापरू नका.

यानंतर जाळी परत येऊ नये यासाठी एकच बदल करा, पण तो नक्की करा. रोज सकाळी गाडी पुसणारे दादा एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवलेलं एकच फडकं दहा गाड्यांवर फिरवतात. तुमची जाळी बहुतेक तिथूनच आलीय. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढंच साहित्य आणि तेवढाच वेळ मिळतो. त्यांचे पैसे चालू ठेवा, आणि सांगा की चाकं आणि काचा पुसा, पत्र्याला हात लावू नका. आठवड्यातून एकदा तुम्ही दोन बादल्यांनी धुवा आणि लगेच कोरडी करा. टँकरच्या जड पाण्याचे थेंब वॅक्सवर छान गोल उभे राहतात, आणि तसेच उन्हात वाळले की प्रत्येकाच्या जागी क्षारांचं पांढरं वर्तुळ उमटतं. उघड्यावर कव्हर घालणंही टाळा, वाऱ्याने ते धुळीसकट रंगावर घासत राहतं.

प्रवासात एक फवारा-बाटली साधं पाणी आणि दोन मऊ कापडं पुढच्या सीटखाली ठेवा. पक्ष्याची घाण दिसली की फवारून दोन-तीन मिनिटं भिजू द्या आणि उचलून घ्या, घासू नका. त्यातलं युरिक ॲसिड आणि ऊन मिळून काही तासांतच क्लिअरवर डाग कोरला जातो. सीलंट आणि वॅक्स तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळवून देतात, अभेद्य कवच देत नाहीत. आणि सावंतवाडीला पोचाल तेव्हा गाडी खालपासून वरपर्यंत जांभ्याच्या लाल मातीने माखलेली असेल. घरातलं कुणीतरी प्रेमाने ओलं फडकं घेऊन पुसायला धावेल. त्यांना थांबवा, आधी दोन-चार बादल्या पाणी वरून ओतू द्या, माती वाहून जाऊ द्या, मगच कापड.

दार ज्यांनी रंगवलं त्यांना दोन गोष्टी विचारा: रंग हार्डनर घातलेला टू-के होता का, आणि बूथमध्ये भाजला होता की हवेवर वाळला. ते उत्तर आणि ग्लेझच्या बाटलीमागचा मजकूर इथे लिहा. दाराला ग्लेझ लावायचं की नुसतं धुवायचं, ते त्यावरून नक्की सांगते.